डाळीची साक्ष

त्या सकाळी डाळ एकवीस मिनिटांत शिजली आणि समाजमंदिराच्या ओट्यावर जमलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. वाजवल्या नाहीत त्या एकट्या ललिता अवचारनं. तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, कारण डाळ शिजवत तीच होती.

कातखेड्याचा हा रोजचा रिवाज. सकाळी सात वाजता साठवलेल्या विजेच्या सूर्यचुलीवर पितळी गंज, म्हणजे उभट पातेलं, चढायचा, त्यात मिठओढी यंत्राचं ताजं पाणी आणि तासभर भिजवलेली मूठभर तूरडाळ. उकळी आली की घड्याळ लावायचं. दाणा दोन बोटांत चिरडला की मिनिटं मोजायची आणि खडूनं फळ्यावर लिहायची. मग नळ सुटायचा. परगावच्या माणसाला हा पोरखेळ वाटे. पण पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात ज्याची हयात गेली, त्याला ठाऊक असतं की इथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ दोन तास रटरटली तरी दाणा तळाशी खड्यासारखा बसून राहतो. सोयरीक ठरवताना मुलीची आई आधी विचारायची, "तुमच्या गावात दाळ शिजते काय?" जमीन किती, हे नंतर.

ललितानं फळ्यावर २१ लिहिलं, हात झटकले आणि पिशवीतली ओव्याची डबी चाचपली. डबीत ओवा नव्हता. तीन सोमवारांच्या चार पट्ट्या होत्या, चारी गडद गुलाबी. त्यांच्याविषयी गावात तिच्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं.

"एकवीस!" छबू तायडे फळ्याकडे बघत म्हणाली. "मागच्या साली चोवीस लागत होते. म्हातारपणी यंत्राले जवानी चढली व."

सगळ्या हसल्या. ललिताही हसली. तीन आठवड्यांपासून हे हसू तिला ओठांवर ओढून आणावं लागत होतं.

मिठओढी हे नाव छबूनंच दिलेलं. चौदा वर्षांपूर्वी तिचा नवरा सुदाम किडन्या जाऊन वारला, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. आठवड्यातून दोनदा त्याला अकोल्याला रक्त धुवायला न्यायचं, एका बाजूनं छबू धरायची आणि दुसऱ्या बाजूनं ललिता. तो गेल्यावर दोघींनी गाव पेटवलं. अर्ज झाले, मोर्चे झाले, कलेक्टरच्या दालनात विहिरीच्या पाण्याचे पेले भरून ठेवून झाले. साहेबांनी पेल्याला हात लावला नाही, पण नळयोजनाही दिली नाही. अशा वेळी पुण्याहून मृदुला केतकर नावाची एक संशोधक आली आणि तिनं विचारलं, "तुमच्याकडे पऱ्हाटी किती निघते?"

कापूस वेचून झाला की शेतात जी वाळकी काटकं उरतात ती पऱ्हाटी. वऱ्हाडात चुलीत घालूनही ती संपत नाही. मृदुलानं ती हवाबंद ड्रममध्ये भाजायला शिकवलं. या कोळशाला इतकी बारीक छिद्रं असतात, की मूठभर कोळशाच्या आतले सगळे कोपरे उलगडून पसरले तर चार-पाच एकरांचं शेत भरेल. असल्या कोळशाच्या पाट्या समोरासमोर उभ्या करायच्या, एकीला सूर्यपाटीच्या विजेचं धन टोक, दुसरीला ऋण टोक, आणि मधून खारं पाणी सोडायचं. पाण्यात विरघळताना मिठाचे दोन भाग झालेले असतात, एकावर धन भार, एकावर ऋण. हा भाग या पाटीकडे ओढला जातो, तो त्या पाटीकडे, आणि कोळशाच्या छिद्रांत जाऊन बसतो. पाणी गोडं होऊन पुढे जातं. पाट्या भरल्या की वीज सोडून द्यायची. मीठ सुटतं, ते उथळ वाफ्यांत वाळवायचं. आणि गंमत म्हणजे कोंबलेल्या विजेपैकी बरीचशी परत मिळते. त्या परतीच्या विजेवर कातखेड्याची पिठाची गिरणी आणि दवाखान्यातला लसींचा फ्रीज चालत होता. बाहेरून तार नाही, टँकर नाही.

यंत्राला पाणी तपासणारा एक नाजूक डोळा बसवायचा बेत होता. पण दोन महिन्यांत त्याच्यावर खार चढला आणि दुरुस्तीला माणूस येईना. तेव्हा ग्रामसभेत बायकांनी ठरवलं, जे आपल्या हातानं उघडता-जोडता येतं तेवढंच यंत्र ठेवायचं. डोळा काढला आणि त्याच्या जागी कागदाच्या पट्ट्या आल्या. दर सोमवारी पट्टी बुडवायची. पांढरी राहिली तर बरं. गुलाबी झाली तर पाण्यात नायट्रेट, म्हणजे शेतात टाकलेल्या युरियाचं झिरपलेलं सत्त्व. नळ बंद करायचा. शिवाय पाट्या तीन वर्षांनी बदलायच्या. हे सगळं मृदुलाच्या अक्षरात भिंतीवर रंगवलेलं होतं. पण पट्टी बुडवायला कोण जमणार? डाळ शिजताना बघायला मात्र सगळं गाव जमायचं. हळूहळू पट्टी हे ललिताचं एकटीचं काम झालं आणि डाळ गावाचं दैवत.

आणि ललिता त्या दैवताची पुजारीण. बाकीची गावं मिठओढी उभारायला लागली तशी तिला सभांना बोलावणी यायला लागली. प्रत्येक सभेत ती शेवटी म्हणायची, "माणूस खोटं बोलते, कागद खोटं बोलते, दाळ कधी खोटं बोलत नाई." टाळ्या पडायच्या. टाळ्यांची सवय वाईट, बिडीसारखी लागते.

माघात नव्या पाट्यांसाठी पऱ्हाटीच्या मोळ्या रचून ठेवल्या होत्या. निंभारीच्या बायका मिठओढी उभारायला निघाल्या होत्या आणि त्यांच्याकडे त्या साली बोंडअळीनं कापूसच नव्हता. ललितानं सगळ्या मोळ्या त्यांना देऊन टाकल्या.

"अन् आपल्या पाट्या?" छबूनं तेव्हा विचारलं होतं. "तीन साल होऊन रायले नं."

"खेचतीन सा-आठ महिने. दाळ तं शिजून रायली."

छबूनं मान डोलावली. बत्तीस वर्षांच्या मैत्रीत तिनं ललितावर शंका घेतली, असं एकदाही घडलेलं नव्हतं.

आषाढात शेतांना युरिया पडला, वर पाऊस पडला, आणि श्रावणाच्या पहिल्या सोमवारी पट्टी गुलाबी झाली. ललिताला वाटलं, पट्ट्या दमटल्या असतील. तिनं नवं पाकीट फोडलं, तीही गुलाबी. तिकडे डाळ मात्र लवकर शिजायला लागलेली. आता विश्वास ठेवायचा कुणावर? ललितानं ठेवला डाळीवर. खरं सांगायचं तर तिला तो ठेवायचा होता. कारण भाद्रपदाच्या सुरुवातीला कातखेड्यात चाळीस गावांची पाणी परिषद भरणार होती, मांडव ठरला होता, आणि पाहुण्यांसमोर नळ बंद असलेली मिठओढी दाखवायची म्हणजे नाक कापून घेण्यासारखं होतं. मृदुलाला फोन लावायला तिनं दोनदा मोबाइल हातात घेतला. दोनदा ठेवला. परिषद होऊन जाऊ दे, मग नळ बंद करू, असं तिनं स्वतःला सांगितलं. साठ-साठ वर्षं खारं पाणी पिऊन म्हातारे जगले, वीस दिवसांनी काय होतं? पट्टी डबीत टाकली आणि झाकण लावलं. पुढच्या सोमवारी तेच केलं. त्याच्या पुढच्याही.

त्या सकाळी ललिता डाळीचा गंज घासत असताना छबू जवळ आली. परिषदेला तीन दिवस उरले होते.

"ललिता, जरा घरी ये नं. पोरीचा रंग मले बरोबर नाई वाटून रायला."

पोरगी म्हणजे छबूची नात, दोन महिन्यांची. छबूची लेक प्रांजली पुण्यात नोकरीला. तिच्या सासरच्यांनी तिथल्या मोठ्या इस्पितळात नाव घातलं होतं, तरी ती हट्टानं बाळंतपणाला माहेरी आली. तिला अंगावर दूध कमी होतं, म्हणून पावडरचं दूध चालू होतं. आठवड्यापूर्वी बाळ किरकिर करायला लागलं तेव्हा ललितानंच सांगितलं होतं, "पाणी नीट उकळत जाय व. चांगलं अर्धा तास उकळू दे, निम्मं होऊ दे. काही जंतू राह्यत नाई." आणि प्रांजली बिचारी मावशीचा शब्द मानून पाणी निम्मं होईपर्यंत उकळत होती.

बाळ पाळण्यात शांत पडलं होतं, नको तितकं शांत. ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे झाले होते. ललितानं तिची मूठ उघडली. इवलीशी नखं शाळेतल्या दगडी पाटीच्या रंगाची होती.

आणि अकरा वर्षांपूर्वीची, मृदुलाच्या प्रशिक्षणातली एक दुपार तिच्या डोक्यात लख्ख उघडली. 'नायट्रेट मोठ्यांना लगेच बाधत नाही, ताई. तान्ह्या बाळाचं रक्त त्यानं प्राणवायू वाहायचं सोडतं. बाळ निळं पडतं. आणि उकळून काही उपयोग नाही. पाणी वाफ होऊन जातं, विष तेवढंच राहतं, म्हणजे उलट दाट होतं.' तेव्हा ललितानं हे वहीत लिहून घेतलं होतं. खाली रेघही ओढली होती.

"दवाखान्यात चाला," ती म्हणाली. "आत्ता. पाणी देऊ नोको तिले, एक थेंब देऊ नोको."

"पाण्यानं काय होते?" प्रांजलीनं विचारलं.

 ललिता गाडी बोलवायला धावली.

तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत चाळीस मिनिटं. विजेची गाडी आवाज न करता चालली होती, त्यामुळे बाळाचा श्वास ऐकू येत होता. छबू नातीला मांडीवर घेऊन बसली होती आणि दुसऱ्या हातानं तिनं ललिताचा हात घट्ट धरला होता, सुदामला नेताना धरायची तसाच. हा हात सोडवून घ्यावा असं ललिताला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. आता सांगावं, पुढच्या फाट्याला सांगावं, असं करत करत पाचही फाटे मागे गेले. 

डॉक्टर तरुण होती, तन्वी रेगे नाव, कोकणातून बदलून आलेली. तिनं बाळाच्या पायाला चिमटा लावला. यंत्रावर आकडा आला पंच्याऐंशी. प्राणवायूचा मुखवटा लावला. आकडा पंच्याऐंशीच राहिला. वाढवला, तरी हलेना.

"फुप्फुसं साफ आहेत," डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. मग प्रांजलीकडे वळली. "जन्मतः हृदयात दोष असला की असं होतं. इथे सोय नाही, नागपूरला हलवावं लागेल. त्याआधी एकच सांगा. बाळाला पाणी कुठलं देता? विहिरीचं? बोअरचं?"

"नाई वो म्याडम," छबू म्हणाली. त्या अवस्थेतही तिचा कणा ताठ झाला. "आमचं मिठओढीचं पाणी हाये. कातखेड्याचं. चाळीस गावांत नाव हाये. आज सकाळी एकवीस मिनिटांत दाळ शिजली, म्या सोता पायली."

डॉक्टरच्या चेहऱ्यावर ओळख उमटली. कातखेड्याचं नाव तिनं ऐकलं होतं. "हो हो, माहीत आहे. मग पाण्याचा प्रश्नच नाही," असं म्हणून तिनं नागपूरला फोन लावायला घेतला.

नागपूर पाच तासांवर. ललितानं बाळाकडे पाहिलं. तिच्या नावाच्या, तिच्या भाषणांच्या, तिच्या त्या एका वाक्याच्या भरवशावर एक शिकलेली डॉक्टर खरा प्रश्न सोडून भलत्या वाटेला निघाली होती. आणि ती वाट अडवू शकणारं माणूस त्या खोलीत एकच होतं.  सांगितलं की सगळं संपतं, छबूही संपते, हे तिला दिसत होतं. न सांगितलं तर काय संपतं, तेही छबूच्या मांडीवर दिसत होतं.

तिनं पिशवीतून ओव्याची डबी काढली आणि टेबलावर ठेवली.

"म्याडम, पाणी वाईट हाये," ती म्हणाली.  "नायट्रेट हाये त्यात. तीन आठवडे झाले. हे पाह्यजा. म्या लपवून ठेवल्या."

डॉक्टरनं झाकण उघडलं, पट्ट्या उजेडात धरल्या, आणि हातातला फोन खाली ठेवला. पुढचं सगळं भराभर झालं. तिनं बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब काढून पांढऱ्या टिपकागदावर टाकला आणि शेजारी स्वतःच्या बोटाचा थेंब टाकला. दोन्हींवर प्राणवायूची नळी धरली. डॉक्टरचा थेंब लालभडक झाला. बाळाचा थेंब गुळाच्या काकवीसारखा तपकिरी होता, तसाच राहिला.

"हृदय ठीक आहे," ती म्हणाली. "सिस्टर, विषबाधेची पेटी."

औषध शाईसारखं निळं होतं. निळ्या पडलेल्या बाळाला निळंच औषध शिरेतून अगदी सावकाश दिलं गेलं.  प्रांजली बाळाच्या ओठांकडे बघत होती. छबू ललिताकडे बघत होती. ललिता फरशीकडे बघत होती. पंचविसाव्या मिनिटाला आकडा ब्याण्णव झाला, बाळानं मूठ हलवली आणि असं काही ठणाणा रडलं की बाहेरच्या नर्सही धावत आल्या. प्रांजली हुंदके देत हसायला लागली.

छबू उठली. ललितापाशी येऊन उभी राहिली.

"तुले माईत होतं," ती म्हणाली. तिनं ते विचारलं नव्हतं.

"हो."

"सुदामले तू अन् म्या मिळून पोचवलं. अन् तुले माईत होतं."

ललिता पाया पडायला वाकली, तर छबू दोन पावलं मागे सरली. चार शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तर ललिताला बरं वाटलं असतं. छबूनं काहीच केलं नाही. ती जाऊन नातीजवळ बसली आणि पाठ फिरवली.

रुग्णालयाच्या आवारातल्या कडुनिंबाखाली उभं राहून ललितानं मृदुलाला फोन केला. तीन आठवडे जो फोन जड झाला होता, तो आता लागायला दोन सेकंद लागले.

सगळं ऐकून घेतल्यावर मृदुलानं पाट्या कधी बदलल्या ते विचारलं. मग म्हणाली, "धन टोकाची पाटी झिजते, ललिताताई. रोजच्या विजेनं तिचा कोळसा हळूहळू जळतो. नायट्रेट ओढणारी पाटी तीच, म्हणून ते सुटलं. ऋण पाटी मात्र धडधाकट आहे. पाणी जड करणारा चुना ती खेचतेय आणि बदल्यात सोडियम सोडतेय. पाणी आणखी मऊ झालं, म्हणून डाळ लवकर शिजायला लागली."

"म्हंजे दाळ खोटं बोलली."

"नाही. डाळ फक्त चुन्याबद्दल बोलते. बाकीचं तिला माहीतच नाही, आणि ती कधी म्हणालीही नव्हती." मृदुलाचा आवाज कठोर नव्हता, पण मऊही नव्हता. "पट्टीला माहीत होतं. ती चार वेळा बोलली."

संध्याकाळच्या आत कातखेड्याचा नळ बंद झाला. आजूबाजूचे म्हणाले, परिषद पुढे ढकलू. सरपंच म्हणाले, यंत्रात बिघाड आहे एवढंच सांगू, पोरगी वाचली ना, मग कशाला आपल्याच हातानं गावाची अब्रू वेशीला टांगायची? ललितानं मान हलवली. अब्रू सांभाळायचा एक प्रयोग तिनं नुकताच करून पाहिला होता.

चाळीस गावांची माणसं आली. मांडवात रंगीत पताका, ओट्यावर घासून लखलखीत केलेला पितळी गंज. ललिता उभी राहिली तेव्हा टाळ्या पडल्या. त्या थांबेपर्यंत ती थांबली आणि मग फळ्याकडे गेली. २१ हा आकडा तिनं पुसला नाही. त्याच्या खाली लिहिलं: 'पट्टी गुलाबी. वीस दिवस. लपवली ललिता अवचारनं.'

मग तिनं सांगितलं, सगळं, पऱ्हाटीच्या मोळ्यांपासून बाळाच्या नखांपर्यंत. उकळायचा सल्ला आपणच दिला हेही सांगितलं. मध्ये एकदा रडू आलं. ते लोकांना मऊ करण्यासाठी आलंय की खरंच आलंय, याचीच तिला शंका आली आणि तिनं ते गिळलं.  पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठून "हेच कराले बोलावलं होतं काय आमाले?" असं म्हणून निघून गेला. त्याच्यामागे आणखी काही जण गेले.

मग मागच्या बाजूनं निंभारीची एक बाई उभी राहिली. माघात मोळ्या नेणाऱ्यांपैकीच ती. तिनं कमरेची पिशवी सोडली, आत बोट घातलं आणि घडी घातलेला कागद बाहेर काढला. कागदात पट्टी होती. तिची मिठओढी पाच महिन्यांचीच होती, पण विजेचा जोर तिकडे नीट बसवलेला नव्हता आणि पाटी लवकर जळली होती.

"आमची बी," ती पुटपुटली. "दोन सोमवार झाले. आमाले वाटलं, पट्टीच खराब. तुमची दाळ शिजून रायली, आमची बी शिजून रायली..." 

दुपारपर्यंत मांडवात सात गावांच्या गुलाबी पट्ट्या निघाल्या. आणखी पाच गावांनी घरी फोन करून पाकिटं फोडायला लावली, त्यातल्या दोन गावांच्याही गुलाबी निघाल्या. दडवलेल्या पट्ट्या काय त्या आपल्या एका डबीतल्या चारच, असं ललिता समजत होती. तिचं ते वाक्य जिथे जिथे पोचलं होतं, तिथे तिथे कुणीतरी कागदात, पदरात, पाकिटात एकेक पट्टी दडवून बसलं होतं. त्या नऊ गावांत तान्ही लेकरं किती, हे मोजायला तिनं घेतलं आणि तिला ते पुरं करवेना. संध्याकाळपर्यंत नऊही नळ बंद झाले. त्यानंतर त्या गावांतून निळं बाळ आल्याची बातमी आली नाही. तिनं प्रत्येक गावाला रोज फोन करून विचारलं, कार्तिक उजाडेपर्यंत.

पाच महिने टँकर आला. अकरा वर्षांनी पुन्हा कातखेड्यात रांगा लागल्या आणि रांगेत भांडणं लागली. ललिता रांगेत शेवटी उभी राहायची. कुणी तिला टोमणा मारायचं, कुणी मुद्दाम पुढे बोलवायचं. तिला दुसरं जास्त लागायचं. छबू तिच्याशी बोलत नव्हती. प्रांजली बाळाला घेऊन पुण्याला गेली, त्या दिवशी ललिता फाट्यावरच्या बाभळीमागे उभी राहून गाडी बघत होती.

कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाटी निघाली. निंभारीहूनही दोन ट्रॉल्या आल्या. ड्रम पेटले. ललितानं काटकं तोडली, कोळसा कुटला, पाट्या थापल्या, दोन्ही हातांची सालं गेली. पाट्या बसवताना छबू समोरच्या बाजूला होती. दोघींनी मिळून मळसूत्रं आवळली, एक शब्द न बोलता.

माघी पौर्णिमेच्या सकाळी पाणी सोडलं. ओट्यावर सगळं गाव जमलं होतं. सवयीनं कुणीतरी गंज चढवला होता आणि डाळ रटरटत होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. पट्ट्यांचं पाकीट आता छबूकडे असायचं. तिनं पेल्यात पट्टी बुडवली, मिनिटभर धरली, बाहेर काढली. पण स्वतः पाहिली नाही. गर्दीतून वाट काढत ती थेट मागे, ललितापाशी आली आणि पट्टी तिच्या डोळ्यांसमोर धरली.

"पाह्य. कोणता रंग हाये?"

पाच महिन्यांनी छबूचा आवाज आपल्यासाठी निघालेला ऐकून ललिताला आधी काही दिसेचना. तिनं डोळे पुसले. पुन्हा पुसले. पट्टी उन्हात धरून उलटसुलट करून पाहिली.

"पांढरा," ती म्हणाली.

"ऐकू नाई आलं त्याईले. मोठ्यानं सांग."

"पांढरा!"

नळ सुटला. बायका हंडे-गुंड घेऊन पुढे सरकल्या. छबूनं पट्टी फळ्याला टाचणीनं टोचली, आपला गुंड भरला, डोक्यावर घेतला आणि ललिताच्या समोरून निघाली. पूर्वी दोघी बरोबर निघायच्या. ललिता जागची हलली नाही. चार पावलं गेल्यावर छबू थांबली, वळली नाही, पाठमोरीच म्हणाली, "उद्या सात वाजता येजो. रोज येजो. रंग रोज तुलेच सांगा लागन."

आणि ती गेली. ललिता दुसऱ्या दिवशी पावणेसातलाच ओट्यावर येऊन बसली.